तिसऱ्या रांगेतला बघण्याचा कार्यक्रम

लताबाईंचा विनोदावर राग नव्हता. राग होता तो जागेवर. मुलगी बघण्याचा कार्यक्रम घरात होतो, घर लहान असेल तर देवळाच्या सभामंडपात होतो, आणि मंडळी फारच नव्या वळणाची निघाली तर एखाद्या हॉटेलात होतो, इथवर त्यांनी मनाची तयारी ठेवली होती. पण दोन-तीन हजार माणसांच्या मधोमध, अंधारात, एकमेकींना जोडलेल्या खुर्च्यांवर बसायचं, समोर कुणीतरी माईक धरून बडबडत राहणार आणि तेवढ्यात दोन घरांनी एकमेकांना पारखायचं, हे त्यांच्या एवढ्या वर्षांच्या कामात कधी झालं नव्हतं. "उद्या साखरपुडा सर्कशीत करू म्हणतील," असं त्या दोन दिवस भांडी घासताना मोठ्यानं म्हणत होत्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी म्हणत होत्या.

लताबाई स्थळं जुळवतात. हा त्यांचा धंदा नाही. यजमान होते तेव्हापासूनची सवय आहे. नाशिकला इंदिरानगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत सिन्नर, निफाड, दिंडोरीकडची इतकी लग्नं ठरली, की त्या भागातल्या कुठल्याही मांडवात त्या गेल्या तरी कुणीतरी उठून त्यांना पंख्याखालची खुर्ची देतं. त्यांची एक पद्धत आहे. मुलाला चहा मुद्दाम कढत द्यायचा. तो फुंकर मारतो, बशीत ओततो, की पहिल्याच घोटाला तोंड भाजून गप्प बसतो, एवढ्यावर त्यांना अर्धा मुलगा कळतो. उरलेला अर्धा लाडवावर. शेवेचा लाडू त्या पाक जरा जास्तच पक्का करून वळतात, आणि मुलगा तो फोडायला लागला की त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. स्वतः दोन घरांच्या मध्ये बसतात. होकार-नकाराचं बोलणं आपल्यावाचून इकडचं तिकडे जाऊ देत नाहीत. समोरासमोर विचारलं की माणसं अडखळतात, नाहीतर खोटं बोलतात, असं त्यांचं मत. काय तो निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी लताबाईंच्या फोनवरून जायचा.

नकाराचे शब्दही ठरलेले होते. "पत्रिकेत थोडं अडतंय." मुलगी उंच असो, मुलाचं पोट सुटलेलं असो, सासू तोंडाची फटकळ असो, अडायचं ते पत्रिकेतच. हे खोटं आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, पण पुढे एखाद्या लग्नात गाठ पडली तर दोघांना एका पंगतीत बसता येतं.

आणि हे शब्द लताबाईंना स्वतःच्या घरासाठी ऐकावे लागले होते, एकदा नव्हे, तीनदा. जिनं निम्म्या तालुक्याच्या अक्षता टाकल्या तिच्या सख्ख्या भावाची मुलगी तिशीला टेकली तरी घरात होती. मांडवात पंख्याखाली बसवणाऱ्या बायकाच वळून विचारायच्या, "तृप्तीचं काय ठरलं मग?" लताबाई म्हणायच्या, "बघतोय." पण तो प्रश्न त्यांना रात्रीच्या भाकरीबरोबर टोचत राहायचा.

तृप्तीत खोट काढायला जागा नव्हती. सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला होती, नाकीडोळी नीटस, कामाला वाघ. अडचण एकच, तिचं हसणं. लहानपणापासून ती साधी हसायचीच नाही. विहिरीवरची मोटर पाणी धरताना करते तसं व्हायचं. आधी बराच वेळ काहीच नाही, नुसते खांदे हलायचे. मग दोन-तीन कोरडे ठसके. आणि मग एकदा पाणी धरलं की असा काही भसकन लोंढा यायचा, की शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठून उभी राहायची. नाशिकला आत्याकडे आली आणि हसायला लागली, की लताबाई आधी उठून खिडकी लावून घ्यायच्या.

पहिल्या वेळी मुलाच्या काकांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला. काका कपबशीसकट खाली बसले. तृप्तीनं तोंडावर ओढणी दाबली, पण मोटरनं पाणी धरलं होतं. दुसऱ्या वेळी मुलगा म्हणाला, "मला स्वयंपाकात मदत करायला आवडतं." त्याची आजी कोपऱ्यातून म्हणाली, "कवा रं?" झालं. तिसऱ्या वेळी काय झालं ते तृप्तीनं कुणालाच सांगितलं नाही, पण निरोप तोच आला. पत्रिका इतक्या वेळा अडली, की तृप्तीचा बाप गोरक्ष ती खरोखरच घेऊन एका गुरुजींकडे गेला. गुरुजी म्हणाले, पत्रिका उत्तम आहे.

त्यामुळे घोटीचं स्थळ आलं तेव्हा लताबाईंनी कंबर कसली होती. घोटीत भाताची गिरणी, स्वतःचं घर, मुलगा मनोज नाशिकजवळ अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर, शांत, निर्व्यसनी. वडील सावळीराम देवमाणूस. आई यशोदाबाई जरा करारी, पण करारी सासू लताबाईंना चालते. तिचं मन कळतं. लाडवाचा पाक कितपत पक्का करायचा इथपर्यंत त्यांचा विचार पोचला होता, आणि मनोजचा फोन आला. "काकू, घरी नको. रविवारी नाशिकला तो कॉमेडीचा मोठा शो आहे ना, तिकडेच भेटू सगळे. तिकिटं काढलीत. तिकडे कसं, मोकळं वाटतं."

लताबाईंनी फोन ठेवला. तीनदा हसण्यापायी मोडलं, आणि चौथ्यांदा हे लोक पोरीला हसायच्या कारखान्यातच न्यायला निघाले होते.

रविवारी दुपारीच गोरक्ष आणि तृप्ती एसटीनं आले. लताबाईंनी तृप्तीला समोर बसवलं.

"एकदाच सांगते. तिथं हसायचं नाही."

"आत्या, कॉमेडी शो आहे तो."

"असू दे. ओठ मिटून गालात हसता येतं. सगळ्या जगाला येतं."

"मला नाही येत. तुला माहितीये."

"मग हसूच नको. दोन तास. दोन तास माणूस काय करू शकत नाही? दातांच्या डॉक्टरकडे बसतेस तशी बस."

तृप्ती बापाकडे बघायला लागली. गोरक्ष टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. म्हणाला, "तायडे, आत्या म्हणती तसं कर. एवढ्या बारीला." तो कधी मुलीला काही मागत नसे. तृप्तीनं मान हलवली.

गंगापूर रोडच्या पलीकडे नवं सभागृह झालंय, तिथे शो होता. बाहेर गाड्यांची ही गर्दी. दारात एका वर्दीवाल्यानं लताबाईंची पिशवी उघडली आणि लाडवांचा डबा बाहेर काढला.

"मावशी, खायचं आत नेता येत नाही."

"अहो, हे खायचं नाही. हे मुलाला द्यायचंय."

"मुलगा पण आतच आहे ना?"

लताबाईंनी त्याला लाडवाचं कारण समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो ऐकून घेऊन म्हणाला की डबा टेबलावर राहील, जाताना न्या. चहाचं तर नावच नव्हतं. आत कागदी पेल्यातलं कसलंतरी थंड पाणी मिळत होतं. म्हणजे कढत चहाही गेला, लाडूही गेला. हत्यारं दारातच काढून घेतल्यावर माणूस आत जाऊन करणार काय, अशा चेहऱ्यानं लताबाई जिना चढल्या.

घोटीची मंडळी आधीच येऊन बसली होती. नमस्कार-चमत्कार झाले. इथेही नवाच घोळ. प्रत्येकाच्या खुर्चीला नंबर, आणि नंबराप्रमाणे तृप्ती आणि मनोज शेजारी-शेजारी आणि लताबाई पार टोकाला, एका अनोळखी कॉलेजच्या पोराजवळ. "असं कसं चालेल?" म्हणून लताबाईंनी सगळ्यांना उठवलं आणि पद्धतशीर बसवलं. एका टोकाला गोरक्ष, मग तृप्ती, मध्ये त्या स्वतः, पलीकडे मनोज, मग यशोदाबाई, शेवटी सावळीराम. मागचे लोक "बसा ना मावशी" म्हणून ओरडायला लागले. त्या बसल्या आणि लगेच अंधार झाला. आता मुलाचं तोंड दिसत नव्हतं, मुलीचं दिसत नव्हतं. कपाळाला हात लावावा असं त्यांना वाटलं.

स्टेजवर आला तो एक काटकुळा पोरगा. पायात पांढरे बूट, अंगात इस्त्री नसलेला शर्ट. टाळ्या मात्र अशा, की मंत्री आल्यावर पडणार नाहीत. तो म्हणाला, "नाशिकला दोनच ऋतू असतात. एक कुंभमेळा आणि दुसरा कुंभमेळ्याची तयारी. रस्ता खणलेला दिसला की विचारायचं नाही. म्हणायचं, साधू येणारेत. माझ्या गल्लीत एक खड्डा आहे, मी शाळेत असल्यापासूनचा. परवा त्याला विचारलं, तू कधी बुजणार? म्हणाला, थांब, एवढं एक स्नान करून जातो."

सभागृह फुटलं. लताबाईंच्या उजवीकडची खुर्ची हलायला लागली. खुर्च्या जोडलेल्या, त्यामुळे तृप्तीचे खांदे हलले की लताबाईही हलायच्या आणि मनोजही हलायचा. लताबाईंनी न बघता हात घातला आणि पोरीच्या दंडाला असा चिमटा काढला, की हलणं थांबलं.

पुढचा अर्धा तास त्यांनी असाच काढला. तो पोरगा मिसळीवर बोलला, चिमटा. आईच्या व्हॉट्सॲपवर बोलला, चिमटा. विनोद काय झाला हे लताबाईंना कळतही नव्हतं, कारण एका बाजूला तृप्तीचा दंड सांभाळायचा आणि दुसऱ्या बाजूला मान काढून यशोदाबाईंकडे बघायचं, एवढीच त्यांची धावपळ चालली होती. यशोदाबाई मोकळेपणानं हसत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. त्या हसल्या की लताबाईही हसून घ्यायच्या. आपण मागे राहिलो असं दिसायला नको.

मग हळूहळू उजवी खुर्ची हलायची थांबली. लताबाईंनी वळून पाहिलं. स्टेजच्या उजेडात तृप्तीचं तोंड दिसलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे कोरडे, शाळेच्या ग्रुप फोटोत असतं तसं. आणि ती स्टेजकडे बघतच नव्हती. लताबाईंच्या पदरावरून पलीकडे मनोजकडे बघत होती, टक लावून. लताबाईंचा जीव भांड्यात पडला. अंधार असला तरी मुलगी मुलाला बघतेय, म्हणजे काम मार्गी लागलं. त्यांनी पहिल्यांदाच पाठ टेकली.

आणि नेमकी तिथंच गाडी बिघडली. स्टेजवरचा पोरगा बोलता बोलता थांबला आणि त्यांच्या रांगेकडे बोट केलं. "तिसऱ्या रांगेत, निळा ड्रेस. ताई, मी मघापासून बघतोय. तुम्ही चुकून आलात का? इथे शोकसभा नाहीये."

कुठूनतरी झोत पडला. स्टेजच्या दोन्ही बाजूंना जे मोठे पडदे होते त्यांवर तृप्तीचा चेहरा उमटला, घराच्या भिंतीएवढा. मिटलेल्या ओठांचा. सगळं सभागृह त्या चेहऱ्याला हसलं. तृप्तीनं ओठ आणखी घट्ट केले.

मनोजच्या मांडीवरून यशोदाबाई वाकल्या आणि लताबाईंच्या कानाशी आल्या. "लताबाई, पोरीच्या मनात नाय का? बळजबरीनं आणलीय का तिला? तसं असंल तर आताच सांगा. आमाला नाराज पोरगी नको."

तीन स्थळं ही हसली म्हणून गेली, आणि चौथं न हसल्यापायी निघालं होतं. माणसानं करायचं तरी काय? त्यांनी तृप्तीकडे वळून दात दाबून म्हटलं, "हस."

"काय?"

"हस म्हणते ना. त्यांना वाटतंय तू नाराज आहेस."

"आता नाही येत, आत्या."

"कसं नाही येत? इतकी वर्षं येत होतं ते?"

"चिमटे काढून काढून गेलं सगळं."

तोवर माईक घेऊन एक मुलगी रांगेत शिरली होती. स्टेजवरचा पोरगा मनोजला विचारत होता, "दादा, तुम्ही यांच्याबरोबर का? काय नातं?"

मनोजच्या हातात माईक आला. त्यानं आईकडे पाहिलं आणि माईक आईला दिला. यशोदाबाईंनी माईक उलटसुलट करून पाहिला. नातं काय, हा प्रश्न दोन घरांमधला. बोलणी चालू असताना त्याचं उत्तर त्यांनी द्यायचं नसतं, गोरक्षनंही नाही. रीत सगळ्यांना माहीत होती. यशोदाबाईंनी मुलाच्या मांडीवरून हात लांबवला आणि माईक लताबाईंच्या हातात ठेवला, ज्याचं काम त्याच्याकडे. पडद्यावर आता लताबाई होत्या.

आता 'होणारं नातं आहे' म्हणावं तर उद्या हे लोक नाही म्हणाले की पोरीचं नाव नाशिकभर. 'कोणी नाही' म्हणावं तर इथंच मोडलं. लताबाईंनी सगळ्यांच्या वतीनं आजवर हजार वेळा बोलणं केलं होतं, पण फक्त दोन घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यांचा संताप पायापासून डोक्यापर्यंत चढला.

"बोलणी चालू आहेत," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "मध्ये बोलू नका."

सभागृहात असा काही आवाज झाला, की लताबाईंना वाटलं छप्पर पडलं.

"म्हणजे मावशी," स्टेजवरचा पोरगा खाली बसलाच, "हा बघण्याचा कार्यक्रम आहे? माझ्या शोमध्ये?"

"मी नकोच म्हणत होते. घरी पोहे करते म्हटलं. लाडू आणले तर ते तुमच्या माणसानं दारात ठेवून घेतले. आता मुलगा मी कशावर बघू? तुमच्या खड्ड्यावर?"

"मावशी, पण ताई का हसत नाहीत?"

"मी सांगितलंय म्हणून!" लताबाईंचा तोल गेला. "तीन ठिकाणी हिच्या हसण्यानं मोडलं. तुम्हाला वाटतं तुमचे विनोद चालले नाहीत. तुमचे विनोद बरे आहेत. पण ही हसली ना, तर तुमचा हा माईक लागायचा नाही."

हसणाऱ्या माणसांच्या आवाजातून लताबाईंना उजवीकडून एक कोरडा ठसका ऐकू आला. मग दुसरा. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा तृप्तीचे खांदे उडत होते. चिमटा काढायला हात मोकळा नव्हता, हातात माईक होता. आणि तोच माईक तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर असताना मोटरनं पाणी धरलं.

ते हसणं सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून एकदम बाहेर आलं. गोरक्षनं टोपी तोंडावर धरली. वरच्या गॅलरीतली माणसं उठून बघायला लागली. स्टेजवरचा पोरगा दोन्ही हात जोडून म्हणाला, "ताई, पुढच्या शोला तुम्ही फुकट या. फक्त शेवटच्या रांगेत बसा." तृप्तीला तर काही ऐकूच जात नव्हतं. ती हसत होती, रडत होती, गुडघ्यांवर हात आपटत होती.

लताबाई मात्र यशोदाबाईंकडे बघत होत्या. यशोदाबाई आधी नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांचा चेहरा सैल झाला, आणि त्या अशा हसल्या, की पदर खांद्यावरून घसरला तरी कळलं नाही. मग मनोज हसला. सावळीराम हसले. लताबाईंनी माईक देऊन टाकला आणि डोळे मिटून घेतले. आजवर एवढी लग्नं जुळवली, पण इतकं थकायला कधी झालं नव्हतं.

पार्किंगमध्ये यशोदाबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. सकाळच्या फोनपर्यंतही त्यांना दम निघेना. "आमच्याकडून व्हय समजा. पोरगी मोकळी हे. मला आवडली." लताबाईंनी गोरक्षला खुणेनंच सांगितलं. गोरक्ष तिथल्या एका गाडीला टेकून उभा होता. त्यानं टोपी काढली, घातली, परत काढली आणि त्याच टोपीनं डोळे पुसले. मग सिन्नरच्या शेवटच्या गाडीसाठी पळत सुटला, घरी जाऊन सांगायचं होतं. तृप्ती आत्याकडे राहिली. दारातल्या वर्दीवाल्यानं लाडवांचा डबा बाहेर पडतानाच इमानेइतबारे परत दिला होता.

सकाळी लताबाईंनी चहा टाकला, डबा उघडून तृप्तीसमोर ठेवला आणि फोन जवळ ओढला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराचा होकार कळवायचा होता. त्यांना गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"आत्या," तृप्ती म्हणाली, "त्यांना नाही म्हणून सांग."

लताबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "काय झालं आता? तुझं हसणं चाललं ना त्यांना? हजारो माणसांपुढं चाललं. आणखी काय पाहिजे? मुलगा वाईट आहे का?"

"वाईट नाहीये. चांगलाय."

"मग?"

तृप्तीनं लाडू हातात घेतला, पण फोडला नाही. "तू मला हसायला बंदी केली होतीस. मग मी काय करणार? त्याच्याकडेच बघत बसले. विनोद झाला की तो आधी आईकडं बघायचा. त्या हसल्या की मग हा हसायचा. पहिल्यांदा मला वाटलं, असंच झालं असेल. पण प्रत्येक वेळी, आत्या. तू माईकवर बोललीस तेव्हा सगळे लोटपोट झाले होते. त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं हसू, मी बघितलं. तरी त्यानं आधी तिकडं मान वळवली."

"आईला मान देतो. त्यात काय बिघडलं?"

"मान द्यायचं नाही म्हणत. हसायचं म्हणतेय. मी हसले की तो माझ्याकडं बघणार का आईकडं? रोज?"

लताबाईंकडे उत्तरं भरपूर होती. 'लग्नानंतर सुटते सवय', 'तूच वळण लाव', 'बापाच्या तोंडाकडे बघ'. असली वाक्यं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना किती वेळा ऐकवली होती. त्यांनी तोंड उघडलं.

"आणि तूही तिकडंच बघत होतीस," तृप्ती म्हणाली. रागानं नाही, सहज. "त्या हसल्या की तू."

लताबाईंनी तोंड मिटलं. चहा गाळायचा राहिला होता, तो गाळला. काल इतके विनोद झाले, त्यातला एकही त्यांना आठवत नव्हता. यशोदाबाईंचं तोंड तेवढं आठवत होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. कुणावर काढावा ते मात्र कळेना.

त्यांनी फोन लावला. पलीकडून यशोदाबाईंचा आवाज उत्साहात आला. लताबाई म्हणाल्या, "यशोदाबाई, पत्रिकेत थोडं..." आणि थांबल्या. समोर तृप्ती बसली होती. "नाही. पत्रिका चांगली जुळते. मुलीच्या मनात नाही."

पलीकडून प्रश्न आला, "का?"

हा प्रश्न विचारायचा नसतो. उत्तर तर द्यायचंच नसतं. लताबाईंनी दिलं. जसं तृप्ती बोलली तसंच, पाकात न घोळता. आता फोन आपटला जाईल म्हणून त्यांनी तो कानापासून जरा लांब धरला.

फोन आपटला गेला नाही. "ह्यांचं बी तसंच हे," यशोदाबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "लगीन झाल्यापासून. मी हसले का हसत्यात. मी गप, का गप. टीव्हीपुढं बसलो तरी माझ्याकडं बघत्यात. पोरानं बी तेच उचललं. शोला जाऊ, असं मीच म्हणले होते, लताबाई. मनोजनं नाय. म्हणलं, इतक्या माणसांत गेलं तर दोघं आपापलं हसतील."

ज्यांच्या तोंडाकडे सगळी रांग बघत होती ती बाई कुणाकडे बघत होती, हे लताबाईंच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"काल तुमची पोरगी हसली ना," यशोदाबाई म्हणाल्या, "तवा मी पयल्यांदाच कुणाच्या तरी मागून हसले. बरं वाटलं बघा. बरुबर हे तिचं. तिला म्हणा, माझा राग नाय. घोटीवरनं कवा गेली तर येऊन जा म्हणा."

फोन ठेवल्यावर तृप्ती म्हणाली, "काय म्हणाल्या? चिडल्या?"

"घोटीला बोलावलंय तुला. नुसतं हसायला." लताबाई धपकन खुर्चीत बसल्या. "आता तुझ्या बापाला काय सांगू मी? काल टोपीनं डोळे पुसले त्यानं. आणि पुढच्या मुलाला मी घरी बोलावणार आहे, सांगून ठेवते. कढत चहा देणार, लाडू देणार, आणि वर एक विनोदही सांगणार."

"तू? तुला कुठे येतात विनोद?"

"येतात. कालचा तो खड्ड्याचा..." लताबाईंनी आठवून पाहिलं. "खड्डा होता. त्याला अंघोळ घातली. पुढचं विसरले."

तृप्तीच्या हातातला लाडू बशीत पडला. तिचे खांदे हलायला लागले. पहिला ठसका आला, दुसरा आला. खिडकी सताड उघडी होती आणि समोरच्या गच्चीवर कुलकर्णीबाई कपडे वाळत घालत होत्या. लताबाई सवयीनं अर्ध्या उठल्या. मग परत खाली बसल्या आणि कुणाकडेही न बघता हसायला लागल्या.